भिमीच्या नावाची चिठ्ठी

सांगतो ते खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर पान उलटा. पण "पुरावा काय?" असं मला विचारू नका. पुरावा माझ्या कपाटात आहे आणि तो मी कुणाला दाखवत नाही.

ही हकीकत माझ्या आजीच्या थोरल्या भावाची. नाव चांगो, गाव वाशिंद. आजीचं नाव धोंडूबाई. घडलं त्यातलं निम्मं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं चांगोने तिला सांगितलं, आणि तोवर त्याला खोटं बोलण्यात काही राम उरला नव्हता.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात.

इथे रात्र नाही.

साल १९३९. महाशिवरात्रीनंतरचा पहिला रविवार. वेळ भर दुपारची, साडेबारा. अंगणात ऊन रखरखत होतं आणि माणसं आपापल्या कामात होती.

आधी चांगोचा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरची भातशेती भाऊ बघत. चांगोचा पाय घरात ठरत नसे. कल्याणहून नवीकोरी पितळी भांडी आणायची, कावडीत घालून मुरबाडकडे निघायचं, वैशाखरे गाव ओलांडून पार घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जायचं. नव्या भांड्याच्या बदल्यात जुनी मोड घ्यायची. मोड म्हणजे चेपलेले तांबे, तुटक्या समया, झिजलेली ताटं. बोलायला गोड माणूस. बायका त्याची वाट बघत.

एकदा त्या मोडीत त्याला मूठभर काळी नाणी सापडली. गुराख्याने घाटाखालच्या ओहोळात वेचलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून चांगो ती मुंबईला, फोर्टातल्या एका लिलावघरात घेऊन गेला. लिलावघराचं नाव मी सांगणार नाही. मालक पारशी होते, त्यांना आपण सोराबशेठ म्हणू.

शेठने भिंग लावून नाणी पाहिली आणि चांगोला चक्क खुर्ची दिली.

तिथून माणूस बदलला. भांडी नावाला राहिली. चांगो आता जुनं शोधायला लागला. दगडी दिवे, तांब्याचे पत्रे, देव्हाऱ्यातल्या मूर्ती. लोकांना त्यांची किंमत नाही आणि आपल्याला आहे, असं तो म्हणायचा. आजी म्हणायची, "त्याला किंमत ठाऊक व्हती, मोल ठाऊक नव्हतं." भावावर तिचा फार जीव होता, म्हणून ती इतकं तोडून बोलायची.

शेठची एक रीत होती. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी लागे. वस्तू कुठली, कुणाची, त्या माणसाचं काय झालं.

"नाव पाहिजे रे चांगो," शेठ म्हणायचे. "नाव नाय तर पत्रा. नाव हाय तर माणूस. साहेबलोक माणूस खरेदी करते."

हे वाक्य चांगो घरी हसत हसत सांगायचा.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी तो वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर गेला. वाडीचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. दहाबारा कुडाची घरं. कमळू नावाच्या तरण्या गड्याला घरात मोठी पितळी कळशी हवी होती. त्याच्याकडे मोड काहीच नव्हती.

"हा टाक चालंल का?" कमळू म्हणाला.

टाक म्हणजे देव्हाऱ्यातला तळहाताएवढा पत्रा, ठोकून मूर्ती उमटवलेला. कुणाच्या घरी देवाचे टाक असतात, कुणाच्या घरी पूर्वजांचे. हा तांब्याचा होता. कडेवर घागर घेतलेली एक बाई त्यावर होती. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून तिचे डोळे गेले होते, नाक गेलं होतं. घागर मात्र स्पष्ट होती.

चांगोने टाक उजेडात धरून पाहिला. त्याने कळशी पुढे केली. वर स्वतःच्या पोतडीतला एक नवा चकचकीत टाकही काढून दिला. "जुना झिजला, नवा पूज. देवाला काय, नवंच आवडतं."

तेवढ्यात कमळूची आई आली. बाळी तिचं नाव. डोक्यावर लाकडाची मोळी. तिने कळशी पाहिली, नवा टाक पाहिला, आणि मोळी तशीच खाली टाकली.

"कुटं हाय ती?"

"आई, नवा दिला ना त्यानं..."

"नवा रिकामा हाय रं!" म्हातारी ओरडली. मग चांगोकडे वळून शांतपणे म्हणाली, "बाबा, पालट करायला माजी ना नाय. समद्यांकडं करत्यात. पन ती अजून जुन्यात बसलीय. शिमग्याला आमी तिला जेवायला घालतो. तवा उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन नावानं तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेला ती येते. तवा नवा पुढं धरीन, ती त्यात बसंल. मग जुना तुजा. पंधरा दिस थांब."

"थांबतो की आजी," चांगो म्हणाला. "तिचं नाव काय?"

म्हातारीने खाली पडलेली मोळी उचलून भिंतीला लावली.

"ते सांगत नसतात. हाकेशिवाय ते नाव घ्यायचं नाय. आनी त्या टाकावर दुसरं नाव तर मुळीच नाय घ्यायचं."

चांगोने मान डोलावली. चहा घेतला. कळशी त्याने परत मागितली नाही, आणि कमळूनेही ती द्यायचं मनावर घेतलं नाही. म्हातारी पाणी आणायला गेली.

रविवारी लिलाव होता. बडे बडे साहेब येणार होते. पंधरा दिवसांनी असला लिलाव पुन्हा कुठला?

चांगो वाडीतून निघाला तेव्हा टाक त्याच्या कावडीत, भांड्यांच्या तळाशी होता.

रविवारी सकाळी तो मुंबईला जायला निघाला तेव्हा त्याची मुलगी दारापर्यंत आली. भिमी. तेरा वर्षांची, एकुलती एक. तिच्याआधीची दोन मुलं गेली होती. त्यामुळे चांगो आणि त्याची बायको अंबूबाई, दोघांचं सगळं जग त्या पोरीत होतं. या मिळकतीतून तिचं लग्न असं करायचं की वाशिंदने नाव काढावं, एवढंच चांगोच्या डोक्यात असे. खरं सांगायचं तर सगळी धावपळ तिच्यासाठीच होती.

"बा, हिरव्या बांगड्या आन. काचेच्या. मागल्या वेळंसारखं इसरू नको."

"आनतो गो."

लिलावघरात पोचायला त्याला उशीर झाला. टेबलामागे कारकून चिठ्ठ्या लिहीत बसला होता. टाक उलटसुलट करून त्याने विचारलं, "कुणाचा?"

"वैशाखऱ्याकडचा. एका बाईचा."

"नाव?"

काहीतरी सांगायला हवं होतं. लक्ष्मी सांगता आलं असतं, पार्वती सांगता आलं असतं. जगात नावांचा काय दुष्काळ पडला होता?

पण सकाळपासून त्याच्या जिभेवर एकच नाव होतं.

"भिमी," तो म्हणाला.

"वय?"

"तेरा."

"कशी मेली?"

चांगोने त्या पुसट चेहऱ्याकडे आणि त्या घागरीकडे पाहिलं. "पान्याला गेली ती परत नाय आली."

कारकुनाने लिहून घेतलं. चिठ्ठी दोऱ्याने टाकाला बांधली. चांगोला त्या वेळी काहीच वाटलं नाही. हे तो पुढे छाती बडवून सांगायचा... काहीच वाटलं नाही.

साडेबाराला टाक पुढे आला. शेठना नाटकी बोलायची हौस. त्यांनी पत्रा उंच धरला, चिठ्ठी मोठ्याने वाचली, इंग्रजीत साहेबांना समजावलं. आकडे चढत गेले. मागच्या रांगेतल्या एका उंच साहेबाने हात वर केला, आणि मग कुणाचाच हात वर गेला नाही.

शेठने हातोडी उचलली.

"भिमी, एक बार..."

पंखा घरघरत होता.

"भिमी, दोन बार..."

चांगोच्या मानेवर अचानक गार वारा आला. खिडक्या तर बंद होत्या.

"भिमी... तीन बार!"

हातोडी पडली.

आणि चांगोला मागून आवाज आला.

"ओ."

मुलीचा आवाज. अगदी जवळून. घरात हाक मारल्यावर येतो तसा.

तो गर्रकन वळला. मागे भिंत होती.

कुणीच ऐकलं नव्हतं. साहेबलोक टाळ्या वाजवत होते. चांगोने कपाळाचा घाम पुसला, भुकेने डोकं फिरलं म्हणून स्वतःची समजूत काढली, बाजारातून बांगड्या घेतल्या आणि गाडी पकडली.

तो घरी आला तेव्हा उजेड होता अजून. अंगणात अंबूबाई बसली होती. शेजारी माझी आजी, तेव्हा वीस वर्षांची, माहेरपणाला आलेली. दोघींचे चेहरे उतरले होते.

"भिमी कुटं?"

अंबूबाईने आजीकडे पाहिलं.

मग आजीने सांगितलं. दुपारी ती आणि भिमी उखळात भात कांडत होत्या. एका उखळात दोन मुसळं. एकीचं वर, एकीचं खाली. धप, धप, धप, धप. त्या लयीत बोलायलाही सुचत नाही.

मधेच भिमी म्हणाली, "ओ."

"कोनी हाक मारली गो?" आजीने विचारलं.

"बानं."

"बा मुंबैला हाय तुजा."

पोर हसली. मुसळ चालू राहिलं. धप, धप...

"ओ."

आता ती हसली नाही. दाराकडे बघायला लागली. रस्ता मोकळा होता. एक कुत्रं झोपलं होतं.

धप... धप...

"ओ. आले."

आणि तिचं मुसळ पडलंच नाही. आजीचंच तेवढं वाजलं. तिने मान वर केली तर भिमी मुसळ हातात धरून उभी होती. डोळे उघडे. पाच मिनिटं तशीच. मग तिने मुसळ हळूच खाली ठेवलं, घराभर नजर फिरवली, आणि म्हाताऱ्या बाईसारखं, घशातून घासत म्हणाली...

"मी कुटं बसू?"

चांगो आत धावला. भिमी चुलीपाशी उभी होती. अंगावर तेच लुगडं, पण डोंगराकडच्या बायका नेसतात तसं, गुडघ्यावर आखूड खोचलेलं.

"भिमे! बांगड्या आनल्या बघ."

तिने बांगड्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"कुनाच्या ह्या?"

चांगोने बांगड्या चुलीशेजारी ठेवल्या.

पुढचे दोन दिवस त्या घरावर कसे गेले, ते आजी सांगताना नेहमी पाणी मागायची. भिमीला ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. जेवत होती. पण तिला घरात जागा सापडत नव्हती. पाटावर बसे, उठे. उंबऱ्यावर बसे, उठे. "मी कुटं बसू?" दिवसभर तेच. अंबूबाईने मांडीवर घेतलं तर अंग चोरून घेतलं, परक्या बाईने धरावं तसं.

तिच्या पायात वाळे होते. चालताना ते वाजत नव्हते.

बुधवारी सकाळी अंबूबाई देवपूजेला गेली आणि किंचाळली. भिमीने देव्हाऱ्यातले सगळे देव काढून नीट रांगेत जमिनीवर ठेवले होते. आणि त्या एवढ्याशा कोनाड्यात ती डोकं खुपसून बसली होती. जेवढं मावेल तेवढं.

चांगोला कळून चुकलं. त्याने बायकोला सगळं सांगितलं. टाक, चिठ्ठी, नाव, तीन हाका.

अंबूबाई रडली नाही. "माज्या पोरीला इकलीस," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती नवऱ्याशी घरकामापलीकडे एक अक्षर बोलली नाही, आणि हे मी आयुष्यभराचं सांगतोय.

चांगो तसाच मुंबईला पळाला. शेठचे पाय धरले.

"अरे, पण साहेब तर रजेवर विलायतेला गेला नी! मंगळवारच्या बोटीने. पेटीत खिळे ठोकून सामान गेला."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी साहेबाला पत्र लिहिलं, टाक परत पाठवा, विकणाऱ्याचा गैरसमज झाला. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तोवर लढाई पेटली, आणि मग बोटींचा आणि टपालाचा काय भरवसा.

पण त्याआधी, शिमग्याच्या दिवशी, चांगो भिमीला घेऊन वाडीवर गेला होता. त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

वैशाखऱ्यापर्यंत ती मागे चालली. तिथून रान सुरू झालं आणि ती पुढे झाली. जन्मात कधी ती तिकडे आली नव्हती. तरी एकाही फाट्यावर थांबली नाही. एका जागी वाट सोडून झाडीत शिरली, ओंजळभर पाणी पिऊन आली. तिथे झरा होता. चांगो दहा वर्षं त्या वाटेने जात होता, त्याला तो माहीत नव्हता.

बाळी दारातच होती. भिमीला पाहून म्हातारी उभी राहिली. मग वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आलीस?"

"आले," भिमी म्हणाली, आणि सरळ आत गेली. देवाच्या कोनाड्याखालच्या कोपऱ्यात बसली. पाठ भिंतीला टेकली. तिने असा सुस्कारा सोडला की चांगोचं काळीज फाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती सुखाने बसली होती.

चांगोने म्हातारीपुढे लोटांगण घातलं आणि चिठ्ठीपासून हातोडीपर्यंत सगळं सांगितलं. "आजी, मी चोर हाय. मला काय शिक्षा कर. पन तिला हाक मार, नव्या टाकात बसव. माजी पोर मला दे."

बाळीने त्याला उठवलं नाही. ती स्वतःच त्याच्याजवळ खाली बसली.

"तुजी पोर हितं नायच रं. जुना टाक तिच्या नावानं पुकारलास. ती बिचारी हाकेला ओ देऊन गेली, आनी आमची उघड्यावर पडली. तुज्या पोरीचं घर रिकामं दिसलं, त्यात शिरली. आता हिला बाहेर बोलावली तर ह्या अंगात ऱ्हानार कोन? माती होईल त्याची. मग तुजी परत आली तरी कुटं येईल?"

"मग मी काय करू?" चांगोने विचारलं.

"तो टाक आन. उंबऱ्यात उभा ऱ्हा. आपल्या तोंडानं पोरीला हाक मार. तवर आमची हितं बसंल, ह्या अंगाची चूल ऊबंत ऱ्हाईल. दुसरं माज्या हातात नाय."

चांगो एकटा परत आला.

सात वर्षं. दर महिन्याला तो वाडीवर जाई. भांडी सोडली, जुनं शोधणं सोडलं. हाताला मिळेल ते काम करी आणि महिन्यातून एकदा लेकीला बघायला जाई. ती वाढत होती. तेरा, पंधरा, अठरा. अंबूबाईच्याच वळणाचा चेहरा. अंगणात नाचणी निवडत बसलेली असे. त्याला पाहून उठे, तांब्या आणून पुढे ठेवी.

"घे पावन्या, पानी घे."

तो पाणी पिई आणि परत फिरे. एकदा त्याने हिंमत करून म्हटलं, "भिमे." तिने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

बाळी मेली. कमळूच्या घरात लग्नकार्यं झाली. सगळं घर त्या पोरीला विचारल्याशिवाय पेरणी करत नसे. ती सांगे तेव्हा पाऊस येई. त्यांची भरभराट चालली होती. कुणावर रागवायचं, तेही चांगोला कळत नव्हतं.

लढाई संपली. १९४६च्या पावसाळ्यानंतर शेठचा निरोप आला. विलायतेहून पत्र आलंय, ये.

पत्र साहेबाच्या मडमेचं होतं. शेठनी वाचून दाखवलं. टाक त्यांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात आहे. साहेबाला तो विकून टाकायचा आहे, कारण घरात नोकर टिकत नाहीत. रोज दुपारी कपाटातून एका लहान मुलीचा आवाज येतो. सात वर्षं येतो. आधी सगळे घाबरले, आता वैतागले आहेत. रोज तेच शब्द. मडमेने ते कानाला लागले तसे इंग्रजी अक्षरांत लिहून काढले होते. तुमच्याकडच्या कुणाला याचा अर्थ कळतो का? काय उत्तर दिलं म्हणजे ती गप्प होईल?

शेठ त्या ओळीपाशी अडखळले. एक एक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं.

"बा... कवा... येशील."

चांगो जमिनीवर बसला.

"लिव्हा शेठ. म्हनावं, टाक धाडून द्या. माझं घर, वाटणीची जमीन, समदं देतो. पाया पडतो म्हनावं. टाक धाडा."

शेठ लिहीत होते.

"आनी..." चांगो उठून टेबलाशी आला. "आनी तोवर पोरीला सांगा. रोज विचारते ना, सांगा तिला. बा येतो म्हनावं. घाबरू नको. बा येतो."

शेठनी 'बा येतो' हे दोन शब्द मडमेला म्हणता येतील असे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले. कपाटासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा, असं खाली लिहिलं.

चांगो घरी आला आणि सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला. भिंती सारवल्या. कोनाडा मोकळा केला. अंबूबाई काही बोलली नाही, पण तिने भिमीची जुनी गोधडी उन्हात टाकली. आजी म्हणायची, त्या तीन महिन्यांत त्या घरात पुन्हा माणसं राहतात असं वाटलं.

दुसरं पत्र १९४७च्या सुरुवातीला आलं. लहानसं होतं.

मडमेने आभार मानले होते. सांगितल्याप्रमाणे तिने ते शब्द म्हटले आणि चमत्कार झाला. आवाज त्याच क्षणी थांबला. पुन्हा एकदाही आला नाही. साहेब खूश आहेत, आणि आता टाक विकायचा किंवा परत पाठवायचा प्रश्नच उरला नाही, तो घराण्यात ठेवणार आहेत. फक्त एक गोष्ट जरा विचित्र आहे, तिने लिहिलं होतं, पण तिचा त्रास काही नाही.

त्या दिवसापासून घराच्या पुढच्या दाराशी, आतल्या बाजूला, कुणीतरी बसून असतं. दिसत नाही. पण येताजाता आपोआप पाय जपून टाकावा लागतो. आणि दार वाजलं की ते उठून उभं राहतं.

शेठनी कागदाची घडी घातली. चांगोने ती मागून घेतली, टोपीत ठेवली आणि स्टेशनवर आला. त्यानंतर शेठनी आणखी चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

चांगो १९४९ साली गेला. वाडीवरून परतताना, वैशाखऱ्याच्या रस्त्यावर. भिमी... म्हणजे जी कुणी होती ती... म्हातारी होईपर्यंत जगली असं ऐकतो. मी बघायला गेलो नाही. माझी छाती झाली नाही.

ते दुसरं पत्र आजीकडून माझ्याकडे आलं. कागद पिवळा पडलाय, पण वरचा पत्ता अजून स्वच्छ वाचता येतो. ते घर असेल, नसेल. तिथे आता कोण राहत असेल, त्यांना दाराशी काही जाणवत असेल का, मला माहीत नाही. कितीदा तरी कागद पेन घेऊन बसलो. पण लिहायचं काय? त्या पोरीला "येतो" असं सांगून झालंय. आता कुणी येणार नाही, हे तिला कुणी सांगायचं?